चित्रवाणीचा घरखर्च

घरातील टीव्हीवर होणारा खर्च कसा कमी करावा, हा प्रश्न सामान्यतः केबलवाला दारात आला म्हणजे निघतो आणि तो गेला म्हणजे मिटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे त्यात काही असेल, असे कोणास वाटत नाही. परंतु ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या हुज्जतीच्या मागे जवळजवळ शंभर वर्षांची हकिगत आहे. आकाशातून येणाऱ्या ध्वनीचे व चित्राचे मोल कोणी, कोणास आणि नेमके कशाबद्दल द्यावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने एवढ्या काळात अनेकदा बदलले. आणि जेव्हा जेव्हा ते बदलले तेव्हा तेव्हा गृहस्थाने आपल्या परीने काटकसरीची नवी वाट काढली. त्या वाटांपैकी कोणती खरोखर स्वस्त पडली आणि कोणती स्वस्त असल्याचा नुसता भास होता, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आरंभ चित्रवाणीपासून करून भागत नाही. तो नभोवाणीपासून करावा लागतो. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झाले. ते चालविणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खाजगी कंपनी होती. ज्याच्या घरी यंत्र असेल त्याने वर्षास १० रुपये भरून परवाना घ्यावा व त्यांतील चार-पंचमांश रक्कम कंपनीस मिळावी, अशी योजना होती. कल्पना उघडच विलायतेतून आणलेली होती. तेथे १० शिलिंगांच्या परवान्यावर बी.बी.सी.चा संसार चांगला चालला होता. पण विलायतेतील परवान्यामागे लक्षावधी घरे होती. आमच्याकडे कंपनीच्या हयातीत परवान्यांचा आकडा आठ हजारांपर्यंतही पोहोचला नाही. आठ हजार धरले तरी आठ रुपयांप्रमाणे वर्षाचे चौसष्ट हजार होतात, आणि तेवढ्यात मुंबई व कलकत्ता अशी दोन केंद्रे चालवावयाची! आयात यंत्रांच्या किमतीवर कंपनीस आणखी काही हिस्सा मिळे. पण त्यानेही भागण्यासारखे नव्हते. १९३०च्या मार्चमध्ये कंपनीने हात टेकले व १ एप्रिलपासून सरकारला तो गाडा ओढणे भाग पडले.

कंपनी बुडण्यास यंत्रांची महागाई कारण झाली हे खरे. परंतु परवाना न काढताच ऐकणारे लोक हेही एक कारण होते. १८८५च्या तारायंत्रविषयक कायद्याने बिनतारी यंत्र चालविण्यास परवाना लागे. नुसते यंत्र घरी बाळगण्यास त्या कायद्याची आडकाठी नव्हती. आता, बंद दाराआड एखाद्याने यंत्र लावले की नुसते फळीवर ठेवले, हे सिद्ध कोणी करावयाचे? ही फट बुजविण्यासाठी १९३३ साली निराळा कायदा झाला आणि परवान्यावाचून यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. ह्या कायद्याचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. पैसे ऐकण्याबद्दल नव्हते, यंत्राबद्दल होते. एका परवान्यावर घरातील चौघांनी ऐकावे की आळीतील चाळीसांनी, ह्याच्याशी सरकारास कर्तव्य नव्हते. काटकसरीची पहिली वाट कायद्याने अशी आपणच मोकळी सोडली होती. ती वाट म्हणजे शेजार.

चित्रवाणीचा जन्मही ह्याच रीतीने झाला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस प्रयोग म्हणून ती सुरू झाली. तिला युनेस्कोचे द्रव्यसाहाय्य होते, आणि तिचे संच घरोघर नव्हते, सामुदायिक होते. वस्तीतील मंडळींनी ‘टेलिक्लब’ करून एकत्र पाहावे, मग पाहिलेल्या विषयावर चर्चा करावी, अशी अपेक्षा असे. रोजचे प्रक्षेपण १९६५मध्ये सुरू झाले. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षभरात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत जो ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला, त्यातही गावास एक संच अशीच मांडणी होती. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. असो. सांगावयाचे ते एवढेच की, चित्रवाणी ही प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्रपणे विकत घ्यावयाची वस्तू आहे, ही कल्पना आरंभी कोणाच्याच डोक्यात नव्हती. तशी ती असती तर ह्या दरिद्री देशात चित्रवाणी आणण्याचे समर्थन करणेही कठीण गेले असते.

मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपणामुळे ते चित्र पुण्यास दिसू लागले. येथून मात्र संच मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरला. त्याची किंमत त्या वर्गाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी असे. शिवाय वर्षास ५० रुपयांचा परवाना, जो टपाल कचेरीत जाऊन दरसाल नवा करावा लागे. नभोवाणीचा परवाना त्या काळी १५ रुपये होता. टपाल खात्याचा निरीक्षक घरी येऊन परवान्याचे पुस्तक पाहावयास मागू शके, आणि ते नसल्यास दंड, प्रसंगी यंत्राची जप्तीही होई. पण प्रत्यक्षात ह्या ५० रुपयांचा भार किती माणसांवर पडे? ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांस हे सांगावयास नको. शनिवारी मराठी व रविवारी हिंदी चित्रपट असे, आणि वाड्यात ज्याच्या घरी संच असे त्याच्या माजघरात पाय ठेवावयास जागा नसे. माझे लहानपण अशाच एका वाड्यात गेले. तेथे संच एक होता आणि बिऱ्हाडे अकरा होती. घरधनी कधी कधी वैतागे, त्याच्या पत्नीस तर त्या दोन संध्याकाळी स्वयंपाकसुद्धा धड करता येत नसे. पण येणाऱ्यास बाहेर काढणे हे शिष्टाचारात बसत नव्हते. अकरा बिऱ्हाडांत ५० रुपये म्हणजे बिऱ्हाडी वर्षास सुमारे साडेचार रुपयेच होतात. आणि तेही मागण्याचे कोणाच्या मनात येत नसे. ह्याहून स्वस्त चित्रवाणी आपल्या समाजाने त्यानंतर पाहिली नाही. त्या स्वस्ताईत संकोच होता, उपकाराचे ओझे होते, ‘आज तुम्ही उशीर केलात’ असे हसून दिलेले टोमणेही होते, हे मी नाकारीत नाही. पोरांना ते ओझे जाणवत नसे, बायकांना जाणवे. दाराशी घुटमळत उभ्या राहून पाहणाऱ्या एखाद्या मावशी, सिनेमा संपण्यापूर्वीच घरी जात, त्याचे कारण मला फार उशिरा कळले.

१ जानेवारी १९७६पासून दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती येऊ लागल्या. १९८२च्या आशियाई क्रीडासामन्यांच्या निमित्ताने रंगीत चित्रे आली. १९८४ साली तर काही महिने दिवसास एक ह्या सरासरीने नवी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. संचांची संख्या झपाट्याने वाढली, जाहिरातींचे उत्पन्न वाढले, आणि घरोघर हिंडून परवाने तपासण्याचा खटाटोप त्यातून निघणाऱ्या पैशाच्या मानाने जड वाटू लागला. १९८४-८५च्या सुमारास परवान्याची पद्धतच रद्द झाली. लोकांना वाटले, चित्रवाणी आता फुकट झाली. एका अर्थी तसे झालेही होते: गच्चीवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना उभी केली, वाऱ्याने ती फिरून पडद्यावर मुंग्या आल्या म्हणजे घरातील एका पोराला वर पिटाळले, की बाकी काही खर्च नसे. पण द्रव्य कोठून तरी येतच होते. ते सरकारी तिजोरीतून येई आणि साबणाच्या वडीच्या किमतीतूनही येई. परवान्याचे ५० रुपये संच असणाराच देत असे. जाहिरातीचा पैसा मात्र ज्याच्या घरी संच नाही, किंबहुना वीजही नाही, असा मनुष्यसुद्धा दुकानात साबण घेताना देऊ लागला. ह्या परिवर्तनास कोणी कर म्हटले नाही, म्हणून त्याविरुद्ध कोणी तक्रारही केली नाही. परवाना हा जाचक होता, पण प्रामाणिक होता, असे माझे मत आहे. विलायतेत तो अद्याप टिकून आहे, ह्याचे एक कारण हेच असावे.

तिसरा काळ तारेचा. मुंबईच्या उंच इमारतींत एका व्हिडिओ-यंत्रापासून घरोघर तार नेऊन सिनेमे दाखविण्याचा धंदा १९८०नंतरच्या दशकातच सुरू झाला होता. १९९१च्या आखाती युद्धाने परदेशी वाहिन्यांची चव लावली. त्याच वर्षी स्टार आले, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी आले, आणि त्या तारेचे भाग्य उजाडले. कायदा मागाहून आला: १९९४चा वटहुकूम व १९९५चा केबल-अधिनियम. तोपर्यंत गल्लोगल्ली केबलवाल्यांच्या सरहद्दी ठरून गेल्या होत्या. एका गल्लीत एकच केबलवाला असल्यामुळे गिऱ्हाइकास भाव करण्याचे साधन उरले नव्हते. वाहिन्यांचा हिशेब असा चाले: केबलवाला आपल्याकडे जितकी घरे असत त्याहून पुष्कळ कमी घरे वाहिनीच्या मालकास दाखवी, मालकास ही लबाडी माहीत असल्यामुळे तो दर घरामागचा भाव वाढवून मागे, आणि ही वाढ दाखवून केबलवाला सगळ्याच घरांकडून जास्त पैसे घेई. दोघांच्या परस्पर अविश्वासाची किंमत तिसरा देत होता. त्यात राज्य सरकारचा करमणूक-कर निराळा. तो १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर त्यात विलीन झाला. गृहस्थाची ह्या काळातील काटकसर म्हणजे एका तारेला फाटा फोडून दुसऱ्या खोलीतील संच चालविणे, किंवा समजुतीच्या शेजाऱ्याकडून भिंतीतून तार ओढून घेणे. वाड्यातील जुना शेजार तारेच्या रूपाने काही दिवस असा जगला; फरक इतकाच की पूर्वी शेजारी एकत्र बसत, आता एकत्र न बसण्यासाठी तार ओढीत.

ह्या गोंधळावर उपाय म्हणून चौथी कल्पना पुढे आली, आणि ती ऐकण्यास फार गोड होती: जे पाहाल तेवढ्याचेच पैसे द्या. प्रत्येक घरी सेट-टॉप बॉक्स बसवावा, म्हणजे कोणी काय घेतले हे लपणार नाही, आणि गृहिणी बाजारात भाजी निवडते तशी वाहिनी निवडील. १ सप्टेंबर २००३ रोजी चेन्नईस हा प्रयोग अमलात आला. इतर महानगरांत तो रेंगाळला. २००४च्या आरंभी हा विषय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘ट्राय’कडे आला, तेव्हा २६ डिसेंबर २००३चे दर गोठवून ठेवणे एवढेच प्रथम त्यास करता आले. पुढे न्यायालयाने कान उपटल्यावर २००६च्या अखेरीस दिल्ली, मुंबई व कलकत्त्याच्या काही भागांत योजना लागू झाली. मोफत वाहिन्यांच्या मूळ संचास महिना ७७ रुपये आणि सशुल्क वाहिनीस प्रत्येकी ५ रुपये, असे ते दर होते. कर व बॉक्सचे भाडे वेगळे. वीस वाहिन्या घेतल्या तर १७७ रुपये. हा हिशेब शाळेतल्या मुलासही करता येण्याजोगा होता, आणि मला वाटते, ह्या सबंध इतिहासात गिऱ्हाइकास खरोखर समजलेला दर तेवढा हाच.

पण तो मुंबईच्या दक्षिण टोकापलीकडे फारसा गेला नाही. २०१२ ते २०१७ ह्या काळात टप्प्याटप्प्याने सबंध देशात डिजिटल पद्धती सक्तीची झाली, आणि २०१९च्या फेब्रुवारीपासून नवे दर लागू झाले. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. प्रथम शंभर वाहिन्यांपुरते जाळ्याचे भाडे म्हणून महिना १३० रुपये. त्यावर अठरा टक्के कर मिळून १५३ रुपये ४० पैसे. मग प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत निराळी. गठ्ठ्यात घालावयाच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांहून अधिक असता कामा नये, अशी मर्यादा होती. ती मर्यादा छत म्हणून घातलेली असता स्टार प्लस, झी टीव्ही, सोनी, कलर्स ह्या सर्वांनी तिलाच भाव मानले व बरोबर १९ रुपये किंमत लावली. अशा दहा वाहिन्या सुट्या घेतल्यास १९० रुपये, भाड्यासह ३२०, करासह ३७७ रुपये ६० पैसे. तेथेच कंपनीचा गठ्ठा घेतला तर त्या दहांबरोबर कधी न पाहावयाच्या आणखी कितीतरी वाहिन्या मिळून रक्कम कमी होई. म्हणजे निवड करणारा दंडास पात्र, आणि न निवडणारा बक्षिसास! २०२० साली ‘ट्राय’ने मर्यादा १२ रुपयांवर आणण्याचा हुकूम काढला, त्याच भाड्यात दोनशे वाहिन्या देवविल्या, आणि घरातील दुसऱ्या संचाचे भाडे पहिल्याच्या चाळीस टक्क्यांहून अधिक असू नये असे ठरविले, २०२२च्या नोव्हेंबरात १९ रुपयांची मर्यादा परत आली, २०२४च्या जुलैत तर भाड्यावरील सरकारी मर्यादाही उठली.

निवडीचे तत्त्व वाईट होते असे मला म्हणावयाचे नाही. परंतु त्याने हिशेबाचे श्रम मात्र गिऱ्हाइकाच्या माथी मारले. भाजी निवडणाऱ्या गृहिणीस वांगे डोळ्यांनी दिसते. पाचशे वाहिन्यांची यादी, गठ्ठ्यांची नावे, त्यांतील भेद, हे वाचण्यास जो वेळ व जे शिक्षण लागते ते ज्यांच्याजवळ नाही, त्यांच्या घरी केबलवाल्याने जो गठ्ठा लावून दिला तोच चालत राहिला. आणि एक विचित्र गोष्ट अशी की, ज्या वाहिन्यांना मुळीच किंमत नाही, ज्यांत दूरदर्शनच्या वाहिन्या कायद्यानेच समाविष्ट कराव्या लागतात, त्यांच्यासाठीही जाळ्याचे भाडे हे द्यावेच लागते.

हेच चित्र भाड्यावाचून मिळण्याची सोय त्यापूर्वी पंधरा वर्षे झालेली होती, हे शहरी मध्यमवर्गास फारसे ठाऊक नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी प्रसार भारतीने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने तेहेतीस वाहिन्यांची उपग्रह-सेवा सुरू केली; आज तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’. एकदा डिश व बॉक्स विकत घ्यावा, कोणा कारागिराकडून दिशा लावून घ्यावी. महिन्याचे बिल नाही, गठ्ठा नाही, नूतनीकरण नाही. तिचा खर्च निघतो तो खाजगी वाहिन्यांकडून: तेथे जागा मिळावी म्हणून त्या लिलावात बोली लावतात. देशात ही डिश चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. तरीही पुण्यामुंबईच्या सोसायट्यांत ती क्वचितच दिसते. तिच्यात मासिक प्राप्ती नसल्यामुळे तिची भलावण करण्यास ना केबलवाला तयार, ना दुकानदार. आणि जे फुकट ते खेड्यातल्या लोकांसाठी, अशी आपल्या सुशिक्षितांची समजूत. शिवाय गाजलेल्या मालिका तेथे मिळतीलच असेही नाही. मोठ्या कंपन्यांनी आपल्या फुकट वाहिन्या २०१९मध्ये तेथून काढल्या, २०२०मध्ये परत आणल्या, २०२२मध्ये पुन्हा काढल्या. फुकट पाहणारे लोक वाढले म्हणजे पैसे देणारे घटतात, हा हिशेब त्यांस पक्का कळतो.

ह्या फुकट डिशकडे सरकारची कृपा म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही, आणि त्यास कायद्याचा आधार आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. तो निर्णय देणाऱ्या न्यायमूर्तींत आपले पी. बी. सावंत होते. जी मालमत्ता लोकांची, तिच्यावरून येणारे चित्र पाहण्यास लोकांजवळ एक तरी बिनमोल मार्ग असावा, हे त्यातून सरळ निघते. २००७ साली कायदा होऊन राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसार भारतीस देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक झाले. मग प्रश्न निघाला की, दूरदर्शनच्या वाहिनीवर आलेला सामना केबलवरूनही दिसावा काय? २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की नाही. तो दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणावर व त्याच्या स्वतःच्या फुकट डिशवर दिसावा, खाजगी जाळ्यावर नव्हे. परिणामी महिना तीनशे रुपये भरणाऱ्याच्या घरी दूरदर्शनच्या वाहिनीवर सामना दिसत नाही, आणि काहीच न भरणाऱ्याच्या घरी तो दिसतो. एका ओळखीच्या गृहस्थांस हे मी सांगितले तेव्हा त्यांस ती थट्टाच वाटली.

दुसरीकडे, त्या निर्णयात ज्या जमिनीवरील प्रक्षेपणाचा उल्लेख आहे ते तोवर मावळतीस लागले होते. प्रसार भारतीने आपली जुनी ॲनालॉग प्रक्षेपणयंत्रे टप्प्याटप्प्याने बंद करीत आणली आणि २०२२पर्यंत सीमेवरील वगैरे मोजकी ठिकाणे सोडून ती सर्व थांबली. गच्चीवरील अँटेना, जिला बॉक्स लागत नसे आणि ठराविक उपग्रहाकडे तोंड करून बसावे लागत नसे, ती भंगारात गेली. ह्या घटनेची वृत्तपत्रांतून जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाल्याचे मला आठवत नाही. कारण चर्चा करणाऱ्यांच्या घरी ती अँटेना पुष्कळ वर्षे नव्हती. त्यांचे लक्ष एव्हाना फोनकडे लागले होते. २०२३ साली आय.पी.एल.चे सामने फोनवर विनामूल्य दिसले, दोन वर्षांतच ते वर्गणीला जोडले गेले. ती हकिगत अद्याप घडत असल्यामुळे तिला इतिहास म्हणण्याची घाई मी करीत नाही.

फुकट डिशीतही आता एक मेख आहे. तिच्यावरील काही वाहिन्या जुन्या एमपेग-२ पद्धतीने येतात आणि काही नव्या एमपेग-४ पद्धतीने. जुन्या बॉक्सला पहिल्याच तेवढ्या दिसतात. स्वस्त म्हणून जुना बॉक्स घेणाऱ्याच्या घरी त्यामुळे शेजाऱ्याकडे दिसणाऱ्या काही वाहिन्या येत नाहीत, आणि डिशची दिशा चुकली असे समजून तो कारागिरास पुन्हा बोलावतो व त्याची मजुरी पुन्हा भरतो. दुकानात गेल्यावर, बॉक्स दोन्ही पद्धतींचा आहे काय, एवढे विचारून घेतले म्हणजे तेवढे पैसे वाचतात.